वरचं चालू, खालचं बंद

२ मार्च, रविवार

ठरलं! विमान शिकायचं. टाय लावून मुंबई-दिल्ली करायचं नाही — खासगी लायसन्स, पीपीएल. स्वतःपुरतं दोन माणसांचं विमान उडवायचं. वय शेहेचाळीस. वयाला वरची अट नाही, दोनदा वाचून खात्री केली.

रत्नाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "परवा ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना गोठ्याचा खांब पाडलात." म्हटलं, विमानाला रिव्हर्स नसतो. "मग हरकत नाही," म्हणाली. बायको आहे की कोण आहे!

दिपमालाने मात्र लगेच मोबाईलवर फ्लाइंग स्कूलं काढून दिली. सोळा वर्षांची पोर, माझ्यापेक्षा तिलाच घाई. तीन निघाली. मध्य प्रदेशातलं मीच खोडलं — केळीची कापणी टाकून तिकडे कोण राहणार? उरली दोन, जळगाव आणि धुळे. भडगावहून जवळपास सारखीच लांब.

आईला सांगितलेलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, विमानाचं नाव काढलं तर जेवायची नाही.

५ मार्च

दिपमालाने तक्ता केला. विमानं किती, शिक्षक किती, वाट किती दिवस पाहावी लागते. चांगला केलाय. पण मी तक्त्यावर जाणारा माणूस नाही. आबा — माझे वडील — सांगायचे, केळीच्या रंगावर जाणारा फसतो. घडाला हात लाव. शिरा बोटाला लागल्या तर कच्चा, केळ गोल लागलं तर काप. तीस वर्षं तसंच करतोय. व्यापारी सांगतात, हितेंद्रभाऊंचा घड कधी कच्चा निघत नाही.

स्कूलही हात लावूनच घेणार.

९ मार्च, रविवार

जळगाव पाहिलं. वाईट नाही. काउंटरवरच्या पोराने "सर" म्हणून पाणी दिलं, रंगीत पुस्तक दिलं, कॉम्प्युटरवरचं खोटं विमान उडवायला दिलं. ते मी पाडलं. बाकीची मुलं वीस-बावीसची. एकाने विचारलं, "काका, मुलाच्या अॅडमिशनसाठी आलात का?"

खऱ्या विमानाला हात लावू देईनात. इन्शुरन्स, म्हणे.

११ मार्च

आज कुंदनला जाऊन बावीस वर्षं झाली.

दरवर्षी हा दिवस मी वहीत कोरा सोडतो. यंदा लिहितो. विमानाचं काढलंय तर त्याच्याशिवाय कसं लिहू?

धाकटा भाऊ. एकवीसचा होता. शेतावरून विमान गेलं की फावडं टाकून बघायचा. मला म्हणायचा, "दादा, तू उडाव. मी मांगे बठसू." स्वतः उडवायचं म्हणाला नाही कधी. मागेच बसणार!

त्या दिवशी विहिरीची मोटर पाणी फेकत नव्हती. आदल्या संध्याकाळीच वायरमनने नवा स्टार्टर बसवला होता. कुंदनने मोटर बंद केली आणि केबलचा जोड बघायला विहिरीत उतरला. फ्यूजच्या ग्रीप काढल्या नाहीत — तेव्हा कोणी काढत नव्हतं, आजही काढत नाहीत. खालून ओरडला, "दादा, बंद शे ना?" मी मोटरीच्या कोठडीच्या दाराशी होतो. नक्की असावं म्हणून बंदचं बटण पुन्हा एकदा दाबलं आणि ओरडलो, "शे!" विहिरीकडे निघालो. चार पावलं गेलो असेन. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

मागे वळून पाहिलं तर लोटनचा हात स्टार्टरच्या पेटीत.

लोटन आमचा सालदार, सालावर ठेवलेला गडी. पंधरा वर्षं आमच्याकडे होता, कुंदनला खांद्यावर घेऊन फिरलेला. तो एवढंच म्हणत राहिला — "मी दाबं नही, दादा. मी काढं." ग्रीप काढल्या म्हणे. आधी काय केलं ते कोणी पाहिलं? मी पाहिलं होतं — त्याचा हात. मी तसंच सांगितलं. आबांनी पोलिसांत अपघात लिहून दिला, पण गावाने काय धरायचं ते धरलं. भरल्या अंगणात आबांनी त्याला चपलेने मारलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सालदारांची नवी सालं ठरतात. त्या आखाजीला आमच्या गावात नाही, आजूबाजूच्या पाच गावांत नाही, कोणी लोटनला ठेवला नाही. गेला बायको घेऊन धुळ्याला.

बावीस वर्षं त्या माणसाचं नाव घेतलं नाही. आज लिहिलं. राग अजून आहे.

१४ मार्च

धुळवड. दिपमालाने तोंड रंगवलं. मीही तिला हिरवं लावलं. ती हसत सुटली — "अहो पप्पा, हा लाल आहे!" डोळ्यांत रंग गेला होता माझ्या.

१६ मार्च, रविवार

धुळं! मन लागलं बुवा.

शेड साधी. विमान जुनं. शिकवणाऱ्या एक कॅप्टन मॅडम, साठीच्या, आवाज फाटका. मी केळीवाला म्हटल्यावर त्यांनी हात बघायला मागितला. मग म्हणाल्या, "लावा हात." पंखाच्या कडेवरून, बिजागरीवरून, चाकावरून माझा हात फिरवून घेतला. एक स्क्रू जरा वर आलेला होता, मला बोटाला लागला. त्यांनी पोराला हाक मारून तो कसून घेतला. मला चहा पाजला.

मग आत बसवलं. म्हणाल्या, "इथे कोणतंही बटण दाबताना आधी बोट ठेवायचं. नाव मोठ्याने म्हणायचं. डोळ्यांनी बघायचं. मग दाबायचं. आणि दाबल्यावर पुन्हा बघायचं."

म्हटलं, एवढं?

"मी बंद केलं असं वाटतं — हे वाक्य माझ्याकडे चालत नाही. वाटणं चालत नाही."

अजून एक सांगितलं. रेडिओ मेला तर टॉवरवरून दिवा दाखवतात. हिरवा म्हणजे उतरा, लाल म्हणजे उतरू नका. एवढं एक आलं पाहिजे. हे सोपं आहे! म्हणून तर डोळे तपासतात, म्हणाल्या. मेडिकल करून या.

येताना पांझरेच्या पुलावर क्षणभर थांबलो. पलीकडे देवपूर. लोटन तिथे कुठल्या शाळेवर वॉचमन आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. तिकडे गेलो नाही. कशाला जाऊ?

१७ मार्च

धुळंच. दिपमालाने तक्त्यावर गोल केला.

१९ मार्च

नाशिकला मेडिकल. बीपी ठीक, छाती ठीक, कान ठीक. चष्म्याशिवाय शेवटची ओळ वाचली. डॉक्टर खूश.

मग ठिपक्यांचं पुस्तक काढलं. गोलात रंगीत ठिपके, त्यात आकडा असतो म्हणे. पहिल्या पानावर बारा दिसला. दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्यावर काही नाही. मला वाटलं गंमत करतायत. म्हटलं, डॉक्टर, ही पानं कोरी आहेत.

ते हसले नाहीत. पुन्हा सगळी पानं दाखवली. मग पुस्तक मिटलं.

"लाल आणि हिरवा. तुम्हाला वेगळे दिसत नाहीत."

म्हटलं, असं कसं होईल? मी गाडी चालवतो. सिग्नल पाळतो. केळीची बाग आहे माझी!

"जन्मजात असतं. आईकडून येतं. तिला स्वतःला नसतं, तिच्या वडिलांना असतं, मग तिच्या मुलांना होतं. लोक साठ-साठ वर्षं जगतात, पत्ता लागत नाही. सवयीने भागवतात. जागा पाठ असते त्यांना."

नाना, आईचे वडील, मी पाच वर्षांचा असताना गेले. त्यांना कोण विचारणार!

दिव्याची एक दुसरी टेस्ट असते, ती देऊन बघा म्हणाले. एसटीत चाळीसगावपर्यंत माझ्या डोक्यात फक्त कॅप्टन मॅडम. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

२० मार्च

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "दिव्याची टेस्ट द्या. नाहीच जमलं तर एकदा या, मागे बसा. फिरवून आणते."

मागे बसा! माझ्यावरच यायचं होतं.

रडलो. शेहेचाळीस वर्षांचा घोडा, केळीच्या बागेत बसून रडलो.

२२ मार्च

रत्नाला आज सगळं सांगितलं. तिला काहीच वाटलं नाही. "मला वाटायचं तुमची बोलायची पद्धत आहे," म्हणाली. "तुम्ही कधी रंग सांगतच नाही. चार्जरचं वरचं बटण. सिग्नलचा खालचा दिवा. मिरच्या मी निवडून ठेवते, तुम्ही पिकलेल्या तशाच ठेवता. मोटारीला तर जप केल्यासारखं म्हणता — वरचं चालू, खालचं बंद. दिपूलासुद्धा तसंच शिकवलं होतं तुम्ही."

खरं आहे. लहानपणापासून. वरचं चालू, खालचं बंद. आबांच्या जुन्या स्टार्टरवर तसंच होतं. मी बटण कधी रंगाने दाबलंच नाही.

पुढे लिहवत नाही.

२३ मार्च

खालचं दाबलं होतं.

२८ मार्च

पाच दिवस कापणीत घातले. हात काम करतात. मजुरांवर खेकसलो. एकाने घड टाकला तर मारायला धावलो.

सगळे स्टार्टर सारखेच असतात. वरचं चालू, खालचं बंद. सगळीकडे तसंच असतं. असणारच.

वाटणं चालत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

कुंदन गेल्यावर आबांनी ती विहीर बंद केली. मोटरीच्या कोठडीला कुलूप घातलं. किल्ली देव्हाऱ्यामागे. आबाही सहा वर्षांपूर्वी गेले, किल्ली तिथेच.

सकाळी गुढी उभारून झाल्यावर ती घेतली. आईने पाहिलं.

"कसाले रे?"

"जुना पाइप शोधायचाय."

ती गुढीच्या पाटाभोवतीची रांगोळी नीट करत बसली.

दिपमालाला बरोबर नेलं. काय ते सांगितलं नाही. कुलूप दगडाने तोडावं लागलं, किल्ली फिरली नाही. आत जाळी, पालीची अंडी. स्टार्टर भिंतीवर होता तसाच. बाहीने पुसला. दोन गोल बटणं, एकाखाली एक. अक्षर एकही नाही. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखी, मातकट. एक जरा गडद.

बोट ठेवलं. म्हटलं, "दिपू, हे वरचं. कोणत्या रंगाचं?"

"लाल."

"नीट बघ."

"लालच आहे पप्पा. आणि खालचं हिरवं. चालूचं खाली, बंदचं वर. उलटं बसवलंय कोणीतरी. का?"

का!

त्याने बंद केलं होतं. माझ्या भावाने स्वतःच्या हाताने नीट बंद केलं होतं. मला विचारलं, आणि मी चालू केलं. आणि ओरडलो — शे!

लोटनने ग्रीप काढल्या. तो एकटाच धावला त्या दिवशी. तो खरं सांगत होता, आणि मी त्याचा हात दाखवला.

घरी येऊन श्रीखंड खाल्लं. दोन वाट्या. आईने वाढलं, मी खाल्लं.

३१ मार्च

रत्नाला सांगितलं. ती बराच वेळ माझी पाठ चोळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलं." ते मलाही कळतं. कळून काय करू?

मग दुसरं म्हणाली — "कोणाला सांगू नका. दिपूचं उद्या लग्नाचं निघेल. पोरीच्या पोटात हे उतरतं असं एकदा गावाला कळलं की संपलं."

मी ओरडलो तिच्यावर. एका माणसाला गावातून उठवला मी, आणि तुला पोरीचं स्थळ पडलंय! ती उठून आत गेली. मी चुकीचं बोललो का? माहीत नाही. ती आई आहे.

माझ्या आईला कसं सांगू? एक मुलगा गेलाच तिचा. दुसऱ्याने मारला म्हणून सांगू?

४ एप्रिल

कुंभार आला होता. आईने आखाजीच्या घागरी सांगितल्या. गेलेल्या माणसांच्या नावाने त्या दिवशी आमच्यात घागर भरून पुजतात, वर डांगराचं — खरबुजाचं — फळ, नैवेद्याला सांजोरी. दरवर्षी दोन असायच्या — कुंदनची आणि आबांची. अलीकडे ती तीन भरते. तिसरी नानांची असावी. म्हातारपणी बाप आठवतो माणसाला.

तिच्यासमोर बसवत नाही मला. ताट उचलून ओट्यावर जातो.

१३ एप्रिल, रविवार

देवपूर.

तीन शाळांवर विचारलं, चौथीवर सापडलं. शिपाई म्हणाला, लोटनबाबा? ते तर वारले. तीन वर्षं झाली. घर मागच्या गल्लीत आहे.

पत्र्याची खोली. लोटनची बायको बेबाबाई दारात शेंगा निवडत होती. मला लगेच ओळखलं. उठली, डोक्यावर पदर घेतला, सतरंजी टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी दिलं! भिंतीवर लोटनचा फोटो, वॉचमनच्या खाकी शर्टात. म्हातारा झाला होता. मी त्याला तिशीतलाच धरून बसलो होतो.

काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, "अक्का, त्या दिवशी बटण मी दाबलं होतं. मला रंग कळत नाहीत. मला माहीत नव्हतं. मी लोटनभाऊंचं नाव घेतलं."

ती शेंगा निवडत होती ते तिने थांबवलंसुद्धा नाही.

"माले माहीत शे," म्हणाली.

"लोटनभाऊंनी सांगितलं?"

"त्यासनी कोणलेच काय सांगं नही. मराना दिनपावत नही. लोके काय काय बोलेत, तरी नही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमना घर इचारा, भाऊ."

पाया पडलो. तिने पाय मागे घेतले. मी सतरंजीवरून उठलो तशी तीही गुडघ्याला हात लावून उठली, "जपीसन जा" म्हणाली. मला! जपून जा!

येताना डोक्यावरून विमान गेलं. मॅडमचंच असेल. मी वर बघितलं नाही.

२१ एप्रिल

घरी विचारलेलं नाही. आठ दिवस झाले. रोज ठरवतो.

मॅडमचा फोन आला होता. दिव्याच्या टेस्टचं काय झालं? म्हटलं, देणार नाही. कारण विचारलं. म्हटलं, मॅडम, मी एकदा हिरवा दिला होता, तो चुकीचा होता. त्यांना कळलं नसणार. पण त्यांनी फोन लगेच ठेवला नाही.

दिपमालाने तक्ता भिंतीवरून काढून माझ्या वहीत ठेवलाय. धुळ्याभोवतीचा गोल तसाच आहे. कोणत्या रंगाचा ते मला माहीत नाही.

२९ एप्रिल

उद्या आखाजी. उद्या सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे.

३० एप्रिल, आखाजी

आईने पाटावर तीन घागरी मांडल्या. कुंदनचं नाव घेतलं, पहिली भरली. आबांचं नाव घेतलं, दुसरी भरली. तिसरीला हात घातला तेव्हा मी तिचं मनगट धरलं. विचारलं, ही कोणाची?

"लोटननी."

मग माझ्याकडे न बघताच बोलली. "भाकर लीसन वावरमा उनी व्हती मी त्या दिन. मी दखं. तुनं बोट दखं, हिरवावर. रातले जाईसन लोटनना पाय धरात — एक गया, दुसराले राहू दे. त्याना जीव व्हता तवपावत दर साल जाये मी देवपूरले."

मी मनगट सोडलं. तीच पुढे म्हणाली, "तुना डोया मना बापना शेतस. तू धाकला व्हता तईनच माले माहीत शे. लगीन व्हवाव नही म्हनीसन कोणले सांगं नही. तुले बी नही."

तिने रिकामी घागर माझ्या मांडीवर ठेवली.

"यंदा तू भर."